मिलिंदचा गंधार

जे आता सांगतो आहे ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्याबरोबर वीस-वीस वर्षं वाजवलं त्या माणसांना नाही, आणि ज्याच्या बाबतीत घडलं त्याला तर नाहीच. एका दुपारी इंझोरीच्या समाजमंदिरात हार्मोनियम वाजवता वाजवता मी माझी चार बोटं एक-एक पट्टी वर सरकवली आणि दोन मात्रांनी परत जागेवर आणली. कृती म्हणाल तर एवढीच. शेजारी बसलेल्यालाही दिसली नसती. पण त्या दोन मात्रांत माझ्या मित्राचं वाजवणं गेलं, आणि त्याच दोन मात्रांवर माझा पुढचा सगळा संसार उभा राहिला.

मित्राचं नाव मिलिंद. तो क्लॅरिनेट वाजवायचा. मी पेटी.

गेल्या महिन्यात गावी जाणं झालं. वडिलांच्या पश्चात शेताच्या कागदावर नावं चढवायची राहिली होती, त्यासाठी मंगरूळपीरच्या तहसील कचेरीत दोन दिवस बाकावर बसून काढले. मुक्काम इंझोरीत, चुलतभावाकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हणाला, "तुही पेटी हाय अजून माळ्यावर. भजनी मंडळानं नवी आनली. हे उंदरं खाऊन राह्यले. घेऊन जाय, नाई तं चुलीत घालतो."

पेटी सोयाबीनच्या बारदान्याखाली होती. झाकण उघडलं आणि जुन्या कापडाचा, कापराचा, कुजत्या लाकडाचा असा एक मिळून वास आला. भाता ओढला तर आधी नुसताच श्वास, दम्याच्या माणसासारखा. मग बोटं आपसूक रे, म, ध, सा या चार सुरांवर गेली. दोन सूर बोलले, एक मुका होता, एक शेजारच्याला धरून रडत होता. तरी ते घर होतं. मी पट्ट्या दाबून तसाच बसून राहिलो.

"हे कोनतं भजन होय?" भावानं विचारलं.

"भजन नाही."

"मंग?"

"जाझ."

"असं का," म्हणाला आणि म्हशीकडे गेला.

घर हा शब्द मामांचा. मामा म्हणजे मिलिंदच्या आईचे थोरले भाऊ. पलटणीच्या बँडात आयुष्य काढून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि बहिणीच्या गावी, बौद्ध वस्तीत येऊन राहिले. गाव त्यांना हवालदार म्हणे. मिलिंद मामा म्हणायचा म्हणून मीही मामा म्हणू लागलो. त्यांच्याकडे एक काळी लोखंडी पेटी होती, वर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. तिच्यात मळक्या लाल फ्लॅनेलात गुंडाळलेल्या दोन क्लॅरिनेट, रीडची, म्हणजे तोंडाशी लावायच्या वेताच्या पातळ पातीची, चपटी डबी, सांध्यांच्या बुचाला लावायचं व्हॅसलीन आणि पाच-सहा कॅसेटी. कॅसेटींवर नावं नव्हती. एकीत मध्येच कुणीतरी बाई हसायची आणि पेले वाजायचे. ती बाई कोण, कुठली, हसली कशाला, याच्यावर मिलिंदनं आणि मी कितीतरी दुपारी घालवल्या.

"साहेब लोकं मेसमंदी जेवत," मामा सांगायचे, "आन आमी कोपऱ्यात उभं राहून वाजवत. मार्च कागद पाहून वाजवाचा. जाझ कागदावर नसते. कागद संपला का मंग सुरू व्हते."

आमच्या घरी भजनी मंडळाची पेटी ठेवलेली असे, कारण पेटी वाजवणारे माझे वडील. मी ती दुपारी डोक्यावर घेऊन गावाच्या त्या टोकाला, वस्तीतल्या समाजमंदिरात न्यायचो. आई दारातून म्हणायची, "ने, पन गुरुवारी संध्याकाळी पेटी घरी पाह्यजे. मंडळाच्या लोकाइनं इचारलं तं मी काय सांगू, हवालदाराच्या शाळेत गेली म्हनून?" मंडळातले एक-दोघं नाकं मुरडायचे. वडील काही बोलायचे नाहीत. ते न बोलणं हीच त्यांची परवानगी होती.

समाजमंदिर म्हणजे एक लांबट खोली. निळं डिस्टेंपर, बुद्धमूर्तीपुढे विझलेल्या मेणबत्त्यांचं ओघळलेलं मेण, खाली थंडगार फरशी. आषाढ लागला की लग्नं बंद, बँडवाल्यांना काम नाही. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होईपर्यंतचे ते चार महिने आमचे. बाहेर चिखल, ओल्या कडब्याचा वास, कुणाच्या तरी घरी तुरीच्या डाळीला पडलेली लसणाची फोडणी. आत मामा खडूनं फरशीवर तीन चौकोन काढायचे. एकेक चौकोन म्हणजे एकेक घर. घर म्हणजे पेटीवर एकदम दाबायचे चार सूर. रे हा सरगमातला दुसरा, म्हणून रे, म, ध, सा हे दुसरं घर. प, नी, रे, म हे पाचवं. सा, ग, प, नी हे पहिलं, म्हणजे आपलं स्वतःचं. मामा हातात छडी घेऊन या चौकोनातून त्या चौकोनात पाऊल टाकायचे. त्यांचं पाऊल पडलं की मी घर बदलायचं, आणि मिलिंदनं त्या घरात शोभेल असं काहीतरी वाजवायचं. जे सुचेल ते.

"पाह्य," मामा म्हणायचे, "दुसऱ्यातून पाचव्यात जाताना सगळं सामान हलवा लागत नाई. सा आहे तो फक्त नी वर उतरते. पाचव्यातून घरी येताना म उतरते ग वर. एवढी अर्ध्या पावलाची गोष्ट हाय. ज्याले हे अर्धं पाऊल सापडलं त्याले रस्ता सापडला."

पहिल्या दिवशी आम्ही दोघं एकदम वाजवू लागलो तर मांजरी भांडाव्यात तसा आवाज झाला. मामा हसता हसता ठसकले. "अबे, क्लॅरिनेटचा सा तुह्या पेटीच्या काळ्या पाचवर बसते. तुमी दोघं शेजारच्या दोन गावांत बसून एकमेकांशी बोलून राह्यले!" मग मी काळी पाच धरली. आणि पहिल्यांदा त्याचा ग माझ्या चार सुरांच्या मधोमध येऊन बसला. कसं सांगू? उन्हातून येऊन माठाच्या गार मातीला गाल लावावा तसं. मिलिंदनं वाजवता वाजवता डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. त्याच्याही गालाला लागलं होतं ते.

एक महिना मामांनी त्याला तीनच सूर दिले. "तीन सुरात पोट भरलं पाह्यजे. चौथा मागशीन तं छडी." मिलिंद तीन सुरांत कधी भांडायचा, कधी लाडात यायचा, कधी नुसता एकच सूर आखडून-लांबवून पाच मिनिटं काढायचा. मग पाच सुरांचं एक वळण मिळालं, ते बाराही पट्ट्यांत वाजवायचं. पांढऱ्यांत जमे, काळी तीन आली की त्याची बोटं अडकत. निंदणाला जाताना तो पट्ट्यांची नावं पुटपुटत जायचा आणि त्याची आई म्हणायची, "पोट्टं मंतर म्हनून राह्यलं का काय!"

वळणं गोळा करायची, हा मामांचा दुसरा धडा. जे कानावर पडेल त्याचं वळण उचला आणि सगळ्या घरांत फिरवून आणा. आम्ही मंगरूळपीरच्या दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वालीचं उचललं. पोहरादेवीच्या गर्दीत डोक्यावर ओझं घेऊन चाललेल्या बायांच्या गाण्याचं शेवटचं लोंबतं टोक उचललं. एक भाजीवाली रोज वस्तीतून ओरडत जायची, "वांगे घ्या, भेद्रं घ्या, सांबाऽऽर." भेद्रं म्हणजे टोमॅटो, आणि सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिच्या त्या सांबारात सूर असा काही वर चढून खाली घसरायचा की मिलिंदनं ते एका दुपारी जसंच्या तसं क्लॅरिनेटवर घेतलं आणि तिन्ही घरांतून खेळवलं. बाई टोपलीसकट दारात उभी.

"माही टिंगल करून राह्यला का रे बाप्पा?"

"नाई वो काकू. तुमचा सूर उसना घेतला."

"उसना कायचा? मंग सांबार इकत घे."

मामांनी खिशातून सुट्टे काढून जुडी घेतली. त्या संध्याकाळी मिलिंदच्या घरी कोथिंबिरीच्या वड्या झाल्या. तेलात तळणाऱ्या त्या वड्यांचा वास मला नंतर कुठेकुठे आला आहे! मोठ्या हॉटेलच्या मागच्या दारात, जिथे आम्ही वाजवणारे सिगारेट ओढायला उभे राहतो तिथेही आला आहे, आणि तिथे कोथिंबिरीची वडी नव्हती.

लग्नसराईत मामा आणि मिलिंद मंगरूळपीरच्या एका बँडात जायचे. हार्मोनियम काही वरातीत चालत नाही, मी नुसता बाजूनं चालायचो. तिथे मामांनी एक रीत पाडली होती. एरवी लोकांच्या फर्माइशीची गाणी. पण एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत मिलिंदला मोकळीक. त्या दोन खांबांच्या मधे तो गाण्याचं बोट सोडायचा आणि आपल्या मनानं चालायचा. खांब आला की परत गाण्यात. चैत्रातलं ऊन, पितळ हात लावू देत नसे, गुलालाचा आणि घामाचा आणि मोगऱ्याचा वास, आणि त्या धुळीत मिलिंदचं क्लॅरिनेट माशी गुळावर बसायच्या आधी इकडून तिकडून घोंगावते तसं एका सुराभोवती वरून खालून फिरून अलगद त्याच्यावर बसायचं. नाचणारी पोरं एक क्षण पाय विसरायची. नवरदेवाचा बाप ओरडायचा, "अरे हे कोनतं गानं लावलं!" तोवर पुढचा खांब यायचा.

मामांचे दोन नियम होते, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

एक, खेळाचा. त्या खेळाचं नाव 'हलव'. मिलिंद रंगात आला की मामा मधेच म्हणायचे, "हलव!" आणि मी घर भलतीकडे हलवायचं, एक पट्टी वर, दोन खाली, मनाला येईल तिकडे. मिलिंदचा सूर उघडा पडायचा, आणि त्यानं घाबरून न जाता अर्ध्या पावलात नवा आसरा शोधायचा. किती हसायचो आम्ही! पण मामा 'हलव' म्हणाले नाहीत तर घर हलवायचं नाही. कधीच नाही. "वाजवनारा साथवाल्याकडं पाहात नाई," मामा म्हणायचे, "तो डोळे मिटून वाजवते. म्हनून साथवाल्यानं घर सोडाचं नसते."

दुसरा नियम पलटणीतला. वाजवून झालं की ज्याची चूक झाली त्यानं हात वर करायचा. दुसऱ्यानं बोट दाखवायचं नाही. मामा सुद्धा दाखवायचे नाहीत. हात वर झाला की ते मान हलवायचे आणि विषय संपायचा. कितीतरी दुपारी आम्ही दोघं एकदम हात वर करून एकमेकांकडे बघत हसत बसलो आहोत.

मग तो माणूस आला.

मामांच्या ओळखीचा, नागपूरच्या एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी वाजवणाऱ्या मंडळींचा म्होरक्या. मामांनी त्याला पत्रामागून पत्रं धाडली होती, माझा भाचा ऐकून तरी जा म्हणून. दिवाळी होऊन गेली होती. कापूस वेचणी चालू, समाजमंदिराच्या पायरीवरसुद्धा वाऱ्यानं आलेले कापसाचे पुंजके. मिलिंदच्या आईनं फरशी दोनदा पुसली होती. मिलिंदनं नवी रीड काढून ती सकाळपासून जिभेखाली भिजवत ठेवली होती, त्यामुळे तो कुणाशी बोलतच नव्हता, नुसता हुंकार. दाराशी येऊन मात्र रीड काढून मला म्हणाला, "पेट्या, लेका, मले लय भेव लागून राह्यलं. तू तेवढा जागेवर राह्यजो."

"मी कुटं जातो?" मी म्हणालो.

पाहुण्यानं एक गाणं सांगितलं. मिलिंदनं ते सरळ वाजवून दाखवलं. मग मोकळं सुरू झालं. तो त्या दिवशी जसा वाजवत होता तसा मी त्याला कधी ऐकला नव्हता. प्रत्येक घरात शिरताना दार उघडल्याचा आवाज न करता शिरत होता. दुसऱ्यातून पाचव्यात, पाचव्यातून घरी. पाहुणा पायानं ठेका धरू लागला. मामा भिंतीला टेकून डोळे मिटून होते. आणि माझ्या मनात स्पष्ट, थंड शब्दांत आलं: हा जाणार. उद्या-परवा मंगरूळपीरच्या स्टँडवरून हा बसमध्ये बसणार, आणि दुपारी पेटी डोक्यावर घेऊन मला कुठेच जायचं नसणार.

तो पाचव्या घरातून पहिल्या घरी येत होता. म वरून ग वर. तो ग त्यानं लांब धरला, कारण त्याला माहीत होतं की खाली मी आहे.

मी चार बोटं एक-एक पट्टी वर नेली.

सूर सुराला घासला. दोन मात्रा. तेवढ्यात मी परत जागेवर. पेटीचा आवाज तो केवढा, क्लॅरिनेटपुढे. ऐकणाऱ्याला ऐकू आला तो फक्त मिलिंदचा फाटलेला ग. मिलिंद सावरू पाहत होता, पण 'हलव' कुणी म्हटलं नव्हतं, म्हणजे घर हललेलं असणं शक्यच नव्हतं, म्हणजे त्याच्या हिशेबानं तोच एक घर आधी किंवा नंतर पोचला होता. तो मोजू लागला. मोजताना पुढचा सूर चुकला. मग त्याच्या पुढचा. एखादं माणूस जिन्यावरून उतरताना पायऱ्यांचा विचार करू लागतं तसं. शेवटी त्यानं क्लॅरिनेट तोंडातून काढलं. मी वाजवतच होतो. दुसरं, पाचवं, पहिलं. शेवटपर्यंत, अगदी नीट.

मिलिंदनं हात वर केला.

"माफ करा साहेब. म्या एक घर आधीच आलो."

माझा डावा हात भात्यावर होता. तो तिथेच राहिला.

पाहुण्यानं चहा घेतला, पोह्यांचं कौतुक केलं. मग मामांना म्हणाला, "पोरगा चांगला आहे हो. पण डगमगतो. आमच्याकडे रोज चार तास वाजवायचं असतं." आणि माझ्याकडे वळून, "हा पेटीवाला मात्र थांबला नाही बघा. असा माणूस लागतो. कीबोर्ड शिकशील का रे?"

मला नेतील असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. हे खरं आहे, पण त्यानं काही फरक पडत नाही. तो जाईल एवढं मला माहीत होतं, आणि मी जे केलं त्याला तेवढं पुरेसं होतं.

मी जायच्या दिवशी मिलिंद स्टँडवर आला होता. त्यानं माझी पिशवी वर टपावर चढवली, खिडकीशी येऊन वाफाळत्या उकडलेल्या तुरीच्या शेंगांची पुडी दिली. "तिकडच्या लोकाइले सांगजो, इंझोरीचा हाय म्हना." हसत होता. त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती, मी शोधून पाहिली.

मामाही आले होते. मिलिंद तिकिटाची चौकशी करायला गेला तेवढ्यात ते खिडकीजवळ सरकले. आवाज न चढवता बोलले. "माहे कान म्हातारे झाले, पन बहिरे नाई झाले. हात तुहा वर व्हाले पाह्यजे होता. म्या बोट दाखवनार नाई. नियम माहाच हाय. तू सांगजो त्याले. आज नाई तं उद्या. पन तूच सांगजो."

मी मान हलवली. बस सुटली. शेंगा तशाच गार झाल्या, त्यांचा दमट हिरवा वास नागपूरपर्यंत पुडीत होता.

मामांना मी नंतर तीनदा भेटलो. तिन्ही वेळा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मिलिंदकडे पाहिलं, आणि चहा सांगितला. चौथ्या वेळी गेलो तेव्हा त्यांना जाऊन आठ महिने झाले होते. काळी पेटी मिलिंदच्या घरी भिंतीशी होती, तिच्यावर लेकरांची दप्तरं.

मी खूप वाजवलं. नागपूर, मग पुणे. कीबोर्डवर दहा बोटं मोकळी असतात, भाता ओढावा लागत नाही, घरं मोठी बांधता येतात, सात-सात सुरांची. चांगले चांगले वाजवणारे माझ्या घरांवर उभे राहून वाजवून गेले. सगळे म्हणतात, याच्यासारखी साथ नाही, हा जागा सोडत नाही. ते म्हणतात तेव्हा मी ग्लासातलं पाणी पितो. आता शिकवतोही. मुलं कागदावर चिन्हं मांडून येतात, फोनवर साथ लावून सराव करतात. फोनची साथ कधी घर हलवत नाही. त्यांना चांगलंच आहे. पण त्यांना कधी गार माठाला गाल लावल्यासारखं होतं का, हे मी विचारू शकत नाही. फरशीवरच्या खडूच्या चौकोनांत उभं राहून कुणीतरी 'हलव' म्हणावं आणि दोघांनी हसत सुटावं, हे मला या वयात, भर दुपारी, फार हवंसं वाटतं. ज्या गोष्टीसाठी मी त्याला अडवलं तीच माझ्याकडे राहिली नाही.

तहसीलचं काम उरकल्यावर मी मिलिंदच्या दुकानात गेलो. मंगरूळपीरला त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. तांब्याच्या तारेची बंडलं, जळक्या वॉर्निशचा उग्र वास, दारात ओळीनं विहिरीतल्या मोटरी. केस पांढरे झालेत. मला पाहताच ओरडला, "आला का बे पेट्या! पोट पाह्य केवढं आनलं पुन्याहून. दोन सीट लागत असन बसमंदी."

एका शेतकऱ्यानं मोटर आणली होती. मिलिंदनं ती चालू केली, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक तिच्या पाठीला लावलं, त्याची मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. अगदी तसेच. "वरचं बेरिंग गेलं दादा. अर्धा सूर खाली बोलून राह्यली हे." उघडून पाहिलं तर वरचंच बेरिंग. शेतकरी मला म्हणाला, "आमच्या तालुक्यात ह्याच्यासारखा कान नाई भाऊ."

तो गेल्यावर मी म्हणालो, "कान तसाच आहे तुझा."

"हट्. हा लोखंडाचा कान होय. गान्याले अलग लागते, तो माह्यापाशी नाई." त्यानं हात पुसले, चहाचा कट, म्हणजे अर्धा पेला, माझ्यापुढे सरकवला. "क्लॅरिनेट हाय घरी. पोरगी म्हनते बाबा वाजवा. दोनदा काढलं. हातात घेतलं का भरवसाच वाटत नाई. कुटं पाय टाकावा अन् खाली जमीन नसन, असं." तारेचं एक टोक बोटाला गुंडाळत म्हणाला, "त्या दिवशीचं पाह्य ना. नागपूरवाला आल्ता त्या दिवशीचं. म्या अजून मोजतो कदी कदी. इथं बसल्या बसल्या, तार गुंडाळता गुंडाळता. दुसरं, पाचवं, पयलं. मोजलं का बरोबर येते रे. दर खेपी बरोबर येते. मंग वाटते, आपलं मोजनंच चुकत असन."

तो माझ्याकडे पाहत होता. रागानं नाही, संशयानं नाही. एखादा अवघड हिशेब आपल्यापेक्षा शिकलेल्या माणसाला दाखवावा तसा. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. रस्त्यावर गोंगाट नव्हता. मला कुणी हाक मारली नाही. मला गाडीचीही घाई नव्हती. सांगायला जे जे लागतं ते सगळं तिथे होतं.

मी म्हणालो, "चहा चांगला आहे."

"आल्याचा हाय," मिलिंद म्हणाला. मग हसला. "जाऊ दे ना बे. दोघातला एक तं गेला. मामाले तेवढं तरी समाधान."

मी परत आलो आहे. चार रात्री नीट झोप नाही म्हणून हे लिहायला बसलो, पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही. हे वाचणाऱ्यांत मिलिंद नाही. त्याला वाचायची सवय नाही, आणि अशी गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानावर जावी हेही बरोबर नाही.

मामा गेले, त्यांचं देणं आता फेडता येणार नाही. मिलिंदचं येतं. त्याच्या दुकानात, त्याच्या समोर बसून, त्याच्या नजरेला नजर देऊन मी त्याला एवढं सांगायचं देणं लागतो: तू मोजण्यात चुकला नव्हतास. तुझा गंधार बरोबर होता. घर मी हलवलं.